जुन्या मॅसीच्या खोडी : नव्या चालकाला शिकवण्याचं एक प्रकरण

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. हळदीचं आणि सोयाबीनचं रान, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) पत्र्याचं शेड आणि शेडात १९९४ साली घेतलेली लाल मॅसी फर्ग्युसन १०३५. चालवणारे सासरे सत्तरीच्या घरात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. मुलगा चाकणला कारखान्यात. रोजानं येणारा ड्रायव्हर पेरणीच्या आठवड्यात गावात कुणाच्याच हाती लागत नाही. म्हणून चौतीस वर्षांच्या सुनेनं ट्रॅक्टर शिकायचं ठरवलं. तिला स्कूटी येत होती, चारचाकीचं स्टिअरिंग कधी धरलेलं नव्हतं.

मी शेती अवजारांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. ओळखीतून हे माझ्याकडे आलं. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे नावं घालत नाही. ती सासऱ्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मीही इथं तेच वापरतो.

बाईनं ट्रॅक्टर चालवणं ही आता मराठवाड्यात बातमी राहिलेली नाही, तेवढ्यासाठी मी कागद खर्ची घातला नसता. या घरात मला जे दिसलं ते बहुतेक प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरच्या घरी असतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. तीस वर्षं एकच मशीन चालवणारा माणूस त्या मशीनचे दोष स्वतःच्या हातापायांनी भरून काढत असतो. ते दोष त्याला दिसत नाहीत, म्हणून तो ते दुसऱ्याला सांगूही शकत नाही. शिकणारा मात्र त्या दोषांसकट सीटवर बसतो.

पहिला धडा, मामांच्या पद्धतीचा

मी जायच्या आधीच मामांनी शिकवायला सुरुवात केली होती. सुनेला सीटवर बसवलं, स्वतः डाव्या मडगार्डवर बसले आणि म्हणाले, "पहिला टाक अन् क्लच हळूच सोड." तिनं सोडला. ट्रॅक्टर गचका देऊन निघाला, मामांनी वाकून थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारी हाताची दांडी) कमी केला. तिनं घाबरून ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर डावीकडे, कडब्याच्या गंजीकडे वळला आणि बंद पडला. कुणाला काही झालं नाही.

"मामा, हे असं वळतंय कायम?"

"वळतंय थोडं. हाताला सवय होतीय गं."

मडगार्डवर माणूस बसवून शिकवणं ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. गचक्यानं तोल गेला तर मडगार्डवरचा माणूस थेट मोठ्या चाकापुढे पडतो. सीटवरची शिकाऊ व्यक्ती तेवढ्या वेळात ब्रेक शोधत असते. शिकवणाऱ्यानं जमिनीवर, बाजूला, चाकाच्या रेषेबाहेर आणि तिला दिसेल असं उभं राहावं. आवाज पोचत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. मामांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, "खाली उभा राहून मी काय करणार?" काही करायचं नाही, हेच त्यांना जड जात होतं.

खोडी कागदावर

मी सांगितलं की आठवडाभर तिनं ट्रॅक्टरवर बसायचंच नाही. मामांनी नेहमीसारखं काम करायचं आणि तिनं वही घेऊन त्यांचे हात नि पाय बघायचे. ट्रॅक्टर काय करतो ते बघू नको, मामा काय करतात ते लिही, एवढी एकच सूचना. वही मुलाची, चौथीच्या गणिताची, मागची पानं कोरी राहिलेली.

त्या पानांवर जे उतरलं ते कुठल्या माहितीपुस्तकात मिळालं नसतं.

मामा ट्रॅक्टर चावीनं सुरू करत नव्हते. चावीचा खटका कधीचा मोडलेला. ते खाली उभे राहून, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत, स्टार्टरच्या दोन टोकांना पेचकस लावून ठिणगी पाडायचे. त्याआधी दर वेळी वर हात घालून गिअरची दांडी डावी-उजवी हलवून बघायचे. "असं करता ते कशासाठी?" असं विचारल्यावर त्यांना आपण तसं करतो हेच माहीत नव्हतं. ट्रॅक्टर न्यूट्रलला आहे ना, याची ती तपासणी होती. हाय-लो लिव्हर (वेगवान की हळू गिअर हे ठरवणारी दांडी) न्यूट्रलला असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून दिलेला सेफ्टी स्विच पेचकसच्या या ठिणगीत पूर्ण बाजूला पडतो. दांडी हलवायची एकदा राहिली आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असला, तर तो सुरू होताच चालू लागतो आणि मागचं चाक तिथं उभ्या असलेल्या माणसावरून जातं. मामा तीस वर्षं वाचले ते त्या एका हाताच्या सवयीवर. सुनेला पेचकस दिसला होता, हात दिसला नव्हता.

बंद करायची तऱ्हाही तशीच. डिझेल इंजिन चावी फिरवून थांबत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. त्यासाठी ओढायचा नॉब असतो, त्याची केबल तुटलेली. मामा खाली उतरून फिरत्या पंख्याजवळ हात घालून पंपाची दांडी मागे ओढायचे. म्हणजे सीटवर बसलेल्या माणसाला इंजिन बंद करायचा मार्गच नव्हता. घाईच्या वेळी ही गोष्ट किती महाग पडली असती, ते त्या घरात कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

वहीतली सगळ्यात चांगली नोंद मात्र ब्रेकची. "मामा दोन्ही ब्रेक दाबतात तेव्हा स्टिअरिंग थोडं उजवीकडं नेतात." डावा ब्रेक आधी धरत होता, उजवा उशिरा. ट्रॅक्टर डावीकडे ओढ घ्यायचा आणि मामांचे हात त्याला उजवीकडे तोलायचे. मामा सरळ थांबत असत, म्हणून ब्रेक बरोबर आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. कडब्याच्या गंजीकडे ट्रॅक्टर का वळला याचा उलगडा त्या ओळीत झाला. दोन्ही पॅडल एकत्र धरणारी खिट्टीही नव्हती, तिथं बांधायची तार गुंडाळलेली. शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक लागतो म्हणून पॅडल वेगळी असतात. रस्त्यावर ती जोडलेलीच हवीत, नाहीतर वेगात एकच पाय पडतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो.

बाकीचं भराभर सांगतो. स्टिअरिंगला बराच ढिला खेळ, टायरॉडचे बॉल जॉइंट झिजलेले. लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) वर उचलून उभी केली की हळूहळू खाली बसते, म्हणून मामा अवजाराखाली लाकडाचा ठोकळा सरकवतात. पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या दांड्यावरचं टोपण गायब. बॅटरी मरायला टेकलेली, कधी ठिणगीनंही स्टार्टर फिरत नाही, म्हणून उतारावरून ढकलून सुरू करता यावा यासाठी ट्रॅक्टर उताराला तोंड करून, चाकाखाली दगड लावून उभा. हा दगड आत्या काढायच्या. हे ऐकून मी वही मिटली आणि आधी चहा मागितला.

काय दुरुस्त केलं, काय ठेवलं

जुन्या ट्रॅक्टरवर सगळंच नवं करायला गेलं तर घरात पैसा पुरत नाही आणि मग काहीच होत नाही. आम्ही एकच कसोटी लावली : या दोषानं माणूस मरू शकतो का? ज्याचं उत्तर होय, ते आधी.

चावीचा खटका, सेफ्टी स्विच, बॅटरी, आणि स्टार्टरच्या टोकांवर बोल्टनं आवळलेलं झाकण, म्हणजे पेचकस लावायला जागाच राहू नये. बंद करायच्या नॉबची केबल. दोन्ही ब्रेक सारखे करून खिट्टी. पीटीओचं टोपण. बॉल जॉइंट. मिस्त्री हसला, "सासऱ्यानं तीस वर्षं असंच चालवलं की." पण कामात कसर ठेवली नाही. ब्रेक सारखे झाले की नाही हे त्यानं बांधकामाच्या रेतीवर हळू वेगात दाबून दाखवलं, दोन्ही चाकांच्या घासल्याच्या खुणा बरोबरीनं आल्या. ही तपासणी घरी कुणालाही करता येते.

लिफ्टची गळती राहिली. ती खर्चीक होती आणि नियमानं सांभाळता येण्याजोगी होती : ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवायचं, उचललेल्या मोगड्याखाली (मशागतीच्या दातेरी अवजाराखाली) कुणी हात-पाय घालायचा नाही. खरं तर लिफ्ट धडधाकट असली तरी हाच नियम आहे.

एक गोष्ट आम्हाला करता आली नाही. उलटला तरी चालकाची जागा चेंगरू नये अशी पोलादी चौकट स्वीडननं नव्या ट्रॅक्टरना १९५९ पासून सक्तीची केली आणि तिथं उलटून होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर ती नसते. मामांनी वेल्डरकडून सावलीसाठी छत्री बसवलेली होती. पत्र्याची ती छत्री उलटताना कागदासारखी दबेल, तिच्यावर भिस्त ठेवू नये. चौकट नसेल तर कमरेला पट्टाही बांधू नये. पट्टा चौकटीबरोबरच कामाचा, एरवी तो माणसाला ट्रॅक्टरखाली धरून ठेवतो. चौकट नाही याचा अर्थ हा ट्रॅक्टर उलटू देणं परवडणार नाही. पुढचं सगळं शिकवणं या एका गोष्टीभोवती रचलं.

सीट, पाय आणि कपडे

तिची उंची बेताची. क्लच पूर्ण दाबायला ती सीटच्या टोकावर सरकायची, म्हणजे पाठीला टेका नाही आणि सगळा भार एका पायावर. गावातल्या कुणीतरी पॅडलला लाकडी ठोकळा बांधायचा सल्ला दिला. ठोकळा सरकतो आणि नेमका नको तेव्हा सरकतो. सीट पुढच्या भोकांत आणून बसवली, क्लचच्या सांध्यांना ग्रीस दिलं, पॅडलची मोकळी चाल नीट लावली. मग पाय पुरला.

हा क्लच दोन टप्प्यांचा आहे. अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ फिरतच राहतो. पूर्ण दाबला की पीटीओही थांबतो. नवीन माणसाला अर्ध्यावर ट्रॅक्टर थांबलेला दिसतो आणि तो समजतो की सगळं थांबलं. मागं रोटा, म्हणजे फिरत्या पात्यांचं मशागतीचं अवजार, फिरत असतो. तिला हे सांगून कळलं नाही. पीटीओच्या दांड्यावर खडूनं रेघ मारून, इंजिन मंद ठेवून, मी दूर उभा राहून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पाय अर्धा अन् जीव पण अर्ध्यावर."

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. या वेगानं साधारण दोन मीटर कापड एका सेकंदात गुंडाळलं जातं. पदर सोडवायला हात पुढे जाईपर्यंत हातच आत गेलेला असतो. आपल्याकडे कापूस वेचताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, बोंडाचे काटे लागू नयेत म्हणून. तिनं तोच शर्ट घेतला, पण खाली साडीऐवजी ट्रॅक पँट, केस बांधून रुमालात, ओढणी आखाड्यावर खुंटीला. हातातल्या बांगड्या शर्टाच्या बाहीत, बाही मनगटाला बटण लावून बंद. आत्यांना पँट पटली नाही. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच पायात घालायला पोराचे शाळेचे बूट काढून दिले. चप्पल पॅडलवरून घसरते हे त्यांनी कुणाच्या सांगण्याशिवाय ओळखलं होतं.

थांबणं आधी

सराव सोयाबीन निघालेल्या सपाट वावरात. विहिरीपासून लांब, विजेच्या तारांपासून लांब, कुत्री नि पोरं धुऱ्याच्या पलीकडं. मागं अवजार नाही.

पहिली काही सत्रं इंजिन बंदच होतं. डोळे मिटून पाय कुठं जातो ते बघायचं : डावा क्लचवर, उजवा दोन्ही ब्रेकवर, हात थ्रॉटलवर, मग नॉबवर. मी "थांब" म्हटलं की ही चारही कामं. इंजिन सुरू झाल्यावरही तेच. पहिल्या लो गिअरमध्ये ही मॅसी माणसाच्या चालीपेक्षा हळू जाते. चुन्याची रेघ आली की थांबायचं. रेघ नसताना, कुठंही, मी हात वर केला की थांबायचं. ट्रॅक्टर चालवता येतो हे ओळखायची खूण म्हणून लोक सरळ तास बघतात. मी आधी बघतो की दचकल्यावर माणसाचे पाय कुठं जातात.

थ्रॉटलचं वेगळं सांगितलं पाहिजे. मोटारीत घाबरला की माणूस पाय उचलतो आणि गाडी मंदावते. ट्रॅक्टरचा हातातला थ्रॉटल जिथं ठेवला तिथंच राहतो, पाय उचलून काही कमी होत नाही. उलट क्लचवरचा पाय उचलला की ट्रॅक्टर पुढे झेपावतो. म्हणून घाबरल्यावर पाय उचलायचा नाही, दाबायचा. तिचं स्कूटीचं वळण इथं आड आलं. स्कूटीवर थांबायचं ते हातांनी. सुरुवातीला दचकली की बोटं स्टिअरिंगवर आवळायची आणि पाय तसेच राहायचे. हे वळण मोडायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि तो वेळ दिला म्हणूनच पुढं निभावलं.

मागे घेणं, आठाच्या आकारात वळवणं, धुऱ्यापाशी मोगडा उचलून वळणं हे त्यामानानं सहज आलं. वळताना आधी लिफ्ट, मग स्टिअरिंग, हा क्रम तिच्या अंगात चार तासांच्या आत बसला. शेतातले तास, म्हणजे अवजाराच्या ओळी म्हणतोय, घड्याळातले नव्हे. डिफरन्शियल लॉकचं, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पॅडल फक्त सरळ जाताना, आणि वळायच्या आधी पाय काढून. कालव्याच्या पुलावरून उतरताना क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही, उतार लागायच्या आधीच गिअर निवडून त्याच गिअरमध्ये यायचं. मामा उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे. आता सून बघत असते म्हणून करत नाहीत, असं आत्या सांगतात.

चिबडलेला कोपरा

त्यांच्या शेताचा एक कोपरा सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी सुटलं की पाझरानं चिबडतो. वरून काळी माती कोरडी दिसते, खाली लोणी असतं. मोगडताना तिथं मागची चाकं बसली. मी त्या वेळी तिथं नव्हतो. तिनं आणि मामांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळतं, म्हणून लिहितो.

तिनं आधी थ्रॉटल कमी केला, मोगडा उचलला आणि मागं घेऊन पाहिलं, कारण ज्या वाटेनं चाकं आली ती जमीन धरणारी असते. निघालं नाही. चाकं फिरून आणखी खोल जायला लागली तेव्हा तिनं थांबवलं. इथपर्यंत सगळं शिकवल्यासारखं.

तेवढ्यात शेजारच्या वावरातली माणसं आली. एकानं बाभळीचं दांडकं आणलं. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आडवं लाकूड साखळीनं बांधायचं, चाक फिरलं की लाकडावर चढून बाहेर येतं, हा काळ्या रानातला जुना उपाय आहे. तो बहुतेक वेळा चालतो, म्हणूनच टिकून आहे. मामा म्हणाले, "मीच बांधलंय कितींदा. आण इकडं."

यात काय होतं ते तिला वावरात काडीनं रेघा ओढून समजावलेलं होतं. इंजिनाचा जोर मागच्या आसाला फिरवतो. चाक फिरू शकलं तर ट्रॅक्टर पुढं जातो. चाक अडकलं, लाकूड खाली दाबलं गेलं आणि चाकाला पुढं सरकायला जागाच उरली नाही, तर तोच जोर ट्रॅक्टरच्या धडाला आसाभोवती वर फिरवतो. पुढची चाकं उचलतात. तिथून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो की क्लच दाबूनही परत येत नाही, आणि मागं सीटवर उलटतो. पाऊण सेकंदात माणसाला काय होतंय ते कळेपर्यंतच वेळ संपतो.

गंमत अशी की हाच धोका कमी करणारी जोडणी या ट्रॅक्टरच्या नावातच आहे. सुरुवातीच्या काळात ट्रॅक्टरमागं नांगर नुसता साखळीनं ओढत. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर मागं उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं १९२० च्या दशकात अवजार तीन जागी जोडायची रीत बसवली, त्यात अडकलेल्या अवजाराची ओढ पुढच्या चाकांना खाली दाबते. पण हे तीन जागी जोडलेल्या अवजारापुरतंच. साखळी आसाला किंवा वरच्या लिंकला बांधली, किंवा चाकालाच लाकूड बांधलं, की फर्ग्युसनची सगळी अक्कल बाजूला राहते.

तिनं इंजिन बंद केलं, मोगडा खाली टेकवला, चावी काढून खिशात घातली आणि उतरली. म्हणाली, "मामा, लाकूड नको. खांदू."

मामा चिडले. चारचौघांत सुनेनं नको म्हणणं त्यांना लागलं हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. एकजण म्हणाला, चावी कशाला पाहिजे, पेचकस आण. तिथं त्याला झाकण दिसलं. बोल्टला पाना लागत होता आणि पाना आखाड्यावर होता. तेवढ्या वेळात राग निवला, खोरी आली. चाकांपुढचा नि मागचा चिखल ओढून उतार केला, मागच्या वाटेवर तुराट्या अंथरल्या, मोगडा सोडवून बाजूला केला, माणसं लांब केली. मग मागं, रिव्हर्सच्या हळू गिअरमध्ये, डिफरन्शियल लॉक धरून, सरळ. निघाला. तुराट्यांचा चुरा झाला आणि संध्याकाळी चुलीला पेटवण बाजारातून आणावं लागलं, अशी आत्यांची तक्रार.

हा प्रसंग मला सगळ्या सरावापेक्षा जास्त सांगून गेला. तिथं तिचं कौशल्य कमी लागलं. लागलं ते असं की ट्रॅक्टर सुरू करणं एकाच माणसाच्या हातात होतं. पेचकसची वाट मोकळी असती तर निर्णय जमलेल्या माणसांचा झाला असता. झाकणासाठी आम्ही जो विचार केला होता तो चुकून गिअरमध्ये सुरू होण्याचा. ते दुसऱ्याच कारणानं कामाला आलं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतो. ही मॅसी दीड टनाच्या थोडी वर. म्हणजे मोटारीचाच हलक्या वाहनाचा परवाना लागतो, वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. शिकाऊ परवान्यावर सार्वजनिक रस्त्यावर शेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला असावा लागतो, अशा जागी की तो वाहन थांबवू शकेल. ट्रॅक्टरला दुसरी सीटच नाही आणि मडगार्डबद्दल वर लिहिलंच आहे. म्हणून आम्ही ट्रॅक्टर वावरातच ठेवला आणि परवान्यासाठी तिनं वसमतला ड्रायव्हिंग स्कूलची मोटार धरली. ट्रॅक्टर आधी आणि मोटार नंतर शिकल्यानं मोटारीत तिला काही जड गेलं नाही.

आरसी मात्र कधीचीच संपलेली निघाली. नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. विमाही नव्हता. शेतातच तर फिरतो, हे मामांचं उत्तर. पण आखाडा आणि वावर यांच्यामध्ये डांबरी रस्ता आहे, आणि तेवढ्या शंभर पावलांत कुणाला धक्का लागला तर तिसऱ्या पक्षाचा विमा नसलेल्या घराची जमीन विकली जाते. नूतनीकरण नि विमा दोन्ही झालं, पक्का परवानाही आला.

आता कुठवर

ती नांगरट सोडून बाकी मशागत करते : मोगडणी, पाळी, पेरणी. पलटी नांगर अजून मामांच्या देखरेखीत. रोटा ती एकटी असताना लावत नाही, हा तिचाच नियम. अंधार पडल्यावर ट्रॅक्टर बाहेर काढत नाही, कारण हेडलाइटची वायरिंग राहिली आहे. विहिरीच्या बाजूला तिनं मामांकडून खुंट्या ठोकून घेतल्या आहेत. त्या रेषेच्या आत चाक न्यायचं नाही, मग दोन ओळी पडीक राहिल्या तरी चालेल. त्यांच्या विहिरीला कठडा नाही. मराठवाड्यातल्या किती विहिरींना असतो?

ट्रॉलीचा विषय पेटला तो हळद काढणीच्या वेळी. मजूर बायका गावातून आणायच्या तर ट्रॉली हीच नेहमीची सोय. आत्यांचंही तेच म्हणणं, दोन किलोमीटर उन्हात कोण चालेल? पण याच तालुक्यातल्या गुंज गावच्या बायका ४ एप्रिल २०२५ रोजी हळदीच्याच कामाला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघाल्या होत्या आणि नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात ती ट्रॉली विहिरीत कोसळली, सात जणी गेल्या. या भागात ते कुणाला आठवण करून द्यावं लागत नाही. तिच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. भरलेली ट्रॉली मागून ढकलते तेव्हा थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकवर येतं. ट्रॉलीत माल न्यायचा, माणूस नाही, असं तिनं सांगितलं. बायकांसाठी ऑटो ठरवला, भाडं घरातून. मामांनी त्या हंगामात ऑटोच्या भाड्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला आहे, तो मला दोनदा दाखवून झाला. ती अजून बधलेली नाही.